तेलाच्या रिगवरून माणूस का पडतो

नाशिकच्या जमिनीखाली तेल नाही. सिन्नर, निफाड, दिंडोरी, कुठेही बोअर मारा, खाली काळा पाषाणच लागतो; साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. तरी तेलाचे काम इथल्या घरांपासून लांब नाही. सातपूरच्या आयटीआयमधून फिटर, वेल्डर, डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडलेली मुले मुंबई हायवर जातात, गुजरातेत मेहसाणा-अंकलेश्वरला जातात, आसामात जातात, आखाती देशांत जातात. पगार बरा असतो. समुद्रातल्या कामावर चौदा दिवस ड्युटी आणि चौदा दिवस घर असे चक्रही असते. आणि कधीतरी सिडकोतल्या एखाद्या घरी फोन येतो : पाय घसरला, पडला, ॲडमिट केलंय.

फोनवर बहुतेकदा एवढेच सांगतात. कुठून पडला, किती उंचीवरून, सुरक्षा दोराचा हुक कशाला लावला होता, तिथे कठडा होता का, हे घरचे विचारत नाहीत, कारण त्यांनी रिग, म्हणजे तेलविहीर खोदणारा यांत्रिक मनोरा, पाहिलेलीच नसते. पुढे महिनाभरात ‘पोरगं बेसावध होतं’ एवढीच गोष्ट शिल्लक राहते. मला ही गोष्ट खोटी वाटते, निदान अपुरी तरी. ती का अपुरी, हे कळायला रिगची रचना आधी समजून घ्यावी लागेल.

एवढी उंची लागतेच कशाला?

बोअरची गाडी सगळ्यांनी पाहिली आहे. ट्रकवर निजवलेला मनोरा उभा करतात आणि एकेक रॉड जोडत खाली घालतात. तेलाची रिग तत्त्वाने तशीच, पण विहीर दोन, तीन, चार किलोमीटर खोल. ड्रिल पाइपचा एक नग साधारण ३० फुटांचा. खाली बिट, म्हणजे खडक कापणारे टोक, झिजली की सगळी पाइप वर काढायची, बिट बदलायची आणि सगळी परत खाली सोडायची. ३,००० मीटरच्या विहिरीत असे तीनशेहून जास्त नग असतात. प्रत्येक नग सुटा करत बसणे परवडत नाही, म्हणून तीन-तीन नग जोडलेलेच ठेवतात. ही झाली ९० फुटांची एक कांडी. अशा कांड्या मनोऱ्यातच एकीला एक लागून उभ्या करून ठेवतात.

९० फुटी कांडी उभी मावायची तर मनोरा १४०-१५० फुटांचा लागतो. कांडीचे वरचे टोक धरून जागेवर लावायला वर माणूसही लागतो. त्याच्या उभे राहण्याच्या जागेला मंकी बोर्ड म्हणतात आणि त्या माणसाला टॉपमन. रिग फ्लोअरपासून ही जागा ८०-९० फूट वर, म्हणजे आठ-नऊ मजल्यांवर.

आणि रिग फ्लोअर तरी कुठे जमिनीवर असतो? विहिरीच्या तोंडावर बीओपी बसवतात, म्हणजे आतून गॅस किंवा तेल उसळले तर विहीर बंद करणाऱ्या अवजड झडपांची चळत. ती फ्लोअरच्या खाली मावावी म्हणून फ्लोअरच २०-३० फूट उचललेला असतो. म्हणजे ‘खाली’ काम करणारा रिगमनसुद्धा खरे तर दोन-तीन मजल्यांवर उभा असतो. घरच्यांना हे माहीत नसते. ‘फ्लोअरवरून पडला’ असे ऐकले की त्यांना वाटते, जमिनीवरच घसरला.

हुक बदलतानाचा क्षण

टॉपमनचे काम नीट डोळ्यासमोर आणा. फ्लोअरवरून यंत्र चालवणारा ड्रिलर कांडी वर खेचतो. खालची माणसे तिचा जोड सोडवतात. वर टॉपमन पुढे वाकतो, कांडीची मान धरून ठेवणारा एलेव्हेटर उघडतो, कांडी दोराने आपल्याकडे ओढून घेतो आणि लोखंडी दात्यांच्या खाचेत सरकवतो. मग पुढची कांडी. ३,००० मीटरची पाइप काढायची तर हे शंभर वेळा. उन्हात, वाऱ्यात, पावसात, रात्री तीन वाजता. त्याचे पाऊल फळीवर असते, पण छाती फळीच्या बाहेर असते. हे काम असेच आहे. न वाकता ते होत नाही.

म्हणूनच त्याला बांधून ठेवायचे असते. पण बांधणीत एक अडचण आहे आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तिथेच आहे. शिडी चढताना टॉपमनचा हार्नेस, म्हणजे अंगावर घालायच्या सुरक्षा पट्ट्यांचा संच, शिडीलगतच्या उभ्या दोराला जोडलेला असतो. दोरावर एक पकड असते. माणूस चढतो तशी ती वर सरकते आणि झटका बसला की जागीच आवळते. वर पोचल्यावर मात्र हा दोर सोडून मंकी बोर्डाची दोरी लावावी लागते. उतरताना उलटे. काम करता करता बाजू बदलली की पुन्हा हुक बदलायचा. आधी नवा हुक लावायचा आणि मगच जुना काढायचा, हा नियम रिगवर सगळ्यांना पाठ असतो. त्यासाठीच दोन शेपट्यांची दोरी देतात. तिला डबल लॅनयार्ड म्हणतात. पण हात चिखलाने बरबटलेले, हातमोजे जाड, खालून ड्रिलरची घाई, आणि दुसरा हुक अडकवायला जवळ धड जागा नाही. मग पहिला हुक निघतो आणि दुसरा लागायच्या आधी दोन-तीन सेकंद माणूस कशालाच बांधलेला नसतो.

दोन-तीन सेकंदांत काय होणार, असे वाटेल. ९० फुटांवरून पडणारा माणूस साधारण अडीच सेकंदांत खाली पोचतो आणि आदळताना त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर असतो.

अमेरिकेत याचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २००५ ते २०१४ या काळात तेल आणि वायूच्या विहिरींवर पडून झालेले ६३ मृत्यू तपासले. त्यांतले ३३ जण ३० फुटांहून जास्त उंचीवरून पडले होते आणि २२ जण थेट मंकी बोर्डावरून. या उद्योगात इतर कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्या सुमारास घटत होते, पडून होणाऱ्यांचे मात्र हळूहळू वाढत होते. सगळ्यात बोलकी बाब पुढे आहे. बहुतेक प्रकरणांत पडण्यापासून संरक्षण देणे नियमानेच सक्तीचे होते. ते वापरलेले नव्हते, चुकीचे वापरलेले होते किंवा ऐन वेळी निकामी ठरले. म्हणजे नियम होता, बेल्टही बहुधा स्टोअरमध्ये होता. माणूस तरीही पडला.

मनोऱ्याखेरीज इतर जागा

मंकी बोर्डावरचा अपघात मोठा, म्हणून लक्षात राहतो. संख्येने जास्त असतात ते साधे वाटणारे अपघात. फ्लोअरवर सतत मड सांडत असते. मड म्हणजे विहिरीत फिरवायचे घट्ट द्रावण. ते तेलमिश्रित असेल तर लोखंडी फरशीवर बुटाची पकडच राहत नाही. जिने उभे आणि अरुंद. एका हातात पाना किंवा डबा घेऊन उतरणाऱ्याला कठडा धरायला एकच हात उरतो.

फ्लोअरला खालून पाइप ओढून घ्यायला एक मोठी फट ठेवलेली असते. तिला व्ही-डोअर म्हणतात, आणि तिला कठडा असूच शकत नाही. तिथे साखळी किंवा फाटक असते. पाइप घेताना ते काढतात. प्रश्न एवढाच, की पाइप आल्यावर ते परत कोण लावतो? हे काम कोणा एकाच्या नावावर नसेल तर ते कोणाचेच नसते.

मड टाक्यांवरच्या जाळ्यांचेही तसेच. टाकी साफ करायला किंवा पंप काढायला पायाखालची ग्रेटिंग उचलतात. उचलणाऱ्याला भोक दिसत असते. रात्रीच्या पाळीला आलेल्याला दिसत नाही. तो रोजच्या वाटेने रोजच्यासारखा चालत येतो. जाळी उचलायच्या आधी चारी बाजूंनी कठडा उभा करायचा, नंतर नव्हे, हा नियम याच कारणासाठी आहे. प्लास्टिकची लाल-पांढरी पट्टी बांधणे म्हणजे कठडा नव्हे. तिच्यावर रेलले की माणूस पट्टीसकट खाली जातो.

मग रिग उभारणे आणि उतरवणे. एका विहिरीचे काम संपले की जमिनीवरची रिग सुटी करून पुढच्या जागी नेतात. या दिवसांत कठडे अजून बसलेले नसतात किंवा आधीच निघालेले असतात, क्रेन फिरत असते, वेगवेगळ्या ठेकेदारांची माणसे एकाच वेळी चढलेली असतात. रोजची रिग सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. या दिवसांतली रिग कोणाच्याच ओळखीची नसते. हुक बदलणे, जाळी उचलणे, साखळी काढणे, रिग हलवणे : हे सगळे बदलाबदलीचे क्षण आहेत. माणसे उंचीवर तासन्‌तास नीट काम करतात. पडतात ती एका सुरक्षित अवस्थेतून दुसऱ्या सुरक्षित अवस्थेत जाताना, मधल्या उघड्या जागेत.

हेच आपल्या जिल्ह्यातही पाहायला मिळते. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून नळाने इंधन येते आणि तिथून टँकर भरून निघतात. टँकरच्या माथ्यावर चढून झाकण उघडणारा, डिपस्टिक घालून पातळी बघणारा माणूस जमिनीपासून दहा-अकरा फुटांवर गोलसर, इंधनाने निसरड्या झालेल्या पत्र्यावर उभा असतो. उंची थोडी म्हणून भीती वाटत नाही. पण दहा फुटांवरून डोक्यावर पडलेला माणूस जिवाला मुकू शकतो. सातपूर-अंबडच्या शेडवर सिमेंटचा पत्रा बदलायला चढणारे याहूनही वाईट स्थितीत असतात. तो पत्रा दिसतो भक्कम, पण पाय पडला की फुटतो.

बेल्ट लावला तरी

आता हार्नेसविषयी थोडे सविस्तर, कारण इथे गैरसमज फार आहेत.

पहिली गोष्ट, कमरेचा पट्टा चालत नाही. पडलेल्या माणसाचे सगळे वजन कमरेवर झटक्यात आले तर पोटातले अवयव आणि मणका दुखावतो, कधी माणूस पट्ट्यातून निसटूनही जातो. खांदे, छाती, मांड्या यांवर भार वाटणारा फुल बॉडी हार्नेसच हवा, आणि मागचा दोर दोन्ही खांद्यांच्या मध्ये असलेल्या कडीला जोडलेला हवा. नाशकात नव्या इमारतींवर अजूनही कमरेचे पट्टे दिसतात.

दुसरी गोष्ट दोराची. साध्या, न ताणणाऱ्या दोराने पडता माणूस अडवला तर शरीरावर एका टनाहून जास्त झटका बसू शकतो. म्हणून दोरात शॉक ॲब्झॉर्बर असतो. पट्टीच्या निऱ्या घालून, त्या शिवून एका छोट्या पुडीत बंद केलेल्या असतात. झटका बसला की शिवण उसवत जाते आणि त्या उसवण्यात जोर जिरतो. युरोपीय मानकाप्रमाणे झटका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलोच्या आत राहायला हवा. एकदा उसवलेली पुडी परत वापरायची नसते. ज्या हार्नेसने एकदा माणूस झेलला तो बाद.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, आणि ती साध्या बेरजेची आहे. दोर १.८ मीटर. पुडी उसवली की आणखी एक ते पावणेदोन मीटर. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत माणसाची उंची दीड मीटर. शिवाय एक मीटर सुरक्षेचे अंतर. म्हणजे हुक जिथे अडकवला त्या जागेखाली साडेपाच ते सहा मीटर मोकळी जागा असेल तरच हा दोर वाचवतो. टँकरच्या माथ्यावर पायाशी हुक लावला तर दोर ताणायच्या आधीच माणूस जमिनीवर असेल. अशा कमी उंचीवर डोक्यावरच्या रुळाला जोडलेली, आपोआप गुंडाळली जाणारी लाइफलाइन लागते. ती हाता-दीड हातात थांबवते. आणि हुक नेहमी डोक्याच्या वर. पायाशी लावला तर पडण्याचे अंतर जवळपास दुप्पट होते.

समजा सगळे नीट झाले. माणूस पडला, दोराने झेलला, तो लटकला. अजून तो वाचलेला नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साठते, हृदयाकडे परत येईनासे होते, आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध पडू शकतो. बेशुद्धीतही तो उभाच लटकलेला राहतो, हे जास्त घातक. म्हणून हार्नेसला पाय टेकवायच्या पट्ट्या असतात. शुद्धीवर असलेल्याने त्यात पाय घालून उभे राहायचे, पाय हलवत राहायचे. आणि खाली उतरवायला रिगवरचीच माणसे तयार हवीत, सराव केलेली, साधन हाताशी असलेली. ‘१०८ ला फोन करू’ ही सुटकेची योजना होत नाही. ॲम्ब्युलन्स आली तरी ती ९० फुटांवर चढणार नाही. उतरवल्यावर त्याला बसवून ठेवा, आडवे करू नका, असा एक सल्ला जुन्या प्रशिक्षणात देत असत. तो मागे पडला आहे. आता नेहमीच्या प्रथमोपचाराप्रमाणे आडवेच करायला सांगतात.

एवढे वाचल्यावर लक्षात येईल की हार्नेस हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी विचारायचे ते असे, की माणूस वर जायलाच हवा का? नव्या रिगवर पाइप धरणारी यंत्रे आहेत; तिथे मंकी बोर्डवर माणूस लागत नाही. मनोरा आडवा असतानाच दिवे, पुल्या, बोल्ट तपासून घेतले तर उभा केल्यावर कोणाला चढावे लागत नाही. टँकर खालून भरायची सोय केली तर माथ्यावर चढणे बरेच कमी होते. चढणे टळत नसेल तर कठडा. कठडा शक्य नसेल तर दोर इतका आखूड, की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. हे सगळे जमले नाही, तर पडल्यावर झेलणारा हार्नेस. प्रत्यक्षात ठेकेदार नेमकी उलटी सुरुवात करतो. हार्नेसचे पैसे लवकर सुटतात, त्याचा फोटो निघतो, आणि पडल्यावर दोष हार्नेस घालणाऱ्याचा असे म्हणता येते.

पडल्यानंतर

पायांवर आदळलेल्या माणसाची टाच मोडलेली दिसते आणि सगळे लक्ष टाचेकडे जाते. तोच धक्का पायातून वर कमरेच्या मणक्यापर्यंत पोचलेला असतो. टाच मोडली असेल तर पाठीची तपासणी झालीच पाहिजे, आणि ती होईपर्यंत त्याला हात-पाय धरून उचलायचे नाही. घरच्यांनी डॉक्टरांना हा एक प्रश्न जरूर विचारावा.

कायद्याचेही थोडे. १९५२ च्या खाण कायद्याने तेलविहिरीला खाण मानले. त्यामुळे जमिनीवरच्या रिगवर सातपूरच्या कारखान्यांचे फॅक्टरी इन्स्पेक्टर येत नाहीत, तर धनबादला मुख्यालय असलेले खाण सुरक्षा महासंचालनालय देखरेख करते. तेलखाण विनियम, २०१७ हे त्यांचे नियमपुस्तक. खाण कायदा आता व्यवसाय सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत सामावला आहे.

भरपाईचा पाया १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात आहे. तोही आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे. त्यातले सूत्र असे : मृत्यू झाला तर मासिक पगाराचा निम्मा भाग, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर पगाराचा ६० टक्के भाग, गुणिले तोच आकडा. २५ वर्षांच्या मुलासाठी तो आकडा २१६.९१ आहे. प्रत्यक्ष पगार कितीही असला तरी २०२० साली ठरलेल्या मर्यादेप्रमाणे हिशेबाला १५,००० रुपयेच धरतात. म्हणजे मृत्यूला १६ लाख २६ हजारांच्या आसपास, पूर्ण अपंगत्वाला साडेएकोणीस लाखांच्या आसपास. एका तरुण आयुष्याला ही रक्कम मला फार थोडी वाटते, पण ती हक्काची आहे. कंपनीचा विमा असेल तर तो वेगळा.

घरच्यांना इथे हमखास अडवतात ते एका वाक्याने : ‘त्याने बेल्ट लावला नव्हता, आता काही मिळायचं नाही.’ हे खरे नाही. मुद्दाम नियम मोडला किंवा सुरक्षा साधन काढून टाकले म्हणून भरपाई नाकारण्याची मुभा मालकाला फक्त मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाहून कमी दुखापतीत आहे. या दोन्हींत हे कारण चालत नाही. माणूस ठेकेदाराचा होता म्हणून मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत. दावा तिच्यावरही करता येतो. आणि अपघात आसामात झाला असो की मुंबई हायवर, दावा करायला तिकडे जावे लागत नाही. दावेदार जिथे राहतो तिथे तो करता येतो, म्हणजे नाशकातल्या कुटुंबाला नाशकात. त्यासाठी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, ठेकेदाराचे आणि मूळ कंपनीचे नाव, रिगचे नाव, त्या दिवशीच्या परमिटची, म्हणजे काम करायच्या लेखी परवानगीची, प्रत आणि शेजारी काम करणाऱ्या दोघा-तिघांचे फोन नंबर लागतात. यातले पहिले चार तर मुलगा कामावर निघायच्या आदल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून घरी ठेवता येतात.